वर कोन शे?

बसा. दिवा लावतो, मग बोलू. दवाखान्याच्या तळघरातलं पाणी कुठून कुठे जातं, एवढंच तुम्हांला हवंय ना? देतो काढून. हौदापासून मोरी, मोरीपासून भिंतीतला नळ, आणि तिथून मागच्या अंगणातला शोषखड्डा. पंधरा वर्षं झाली, तरी डोळे मिटून काढीन. पण आधी काय झालं ते ऐकून घ्या. ऐकल्यावरही ती मोरी पुन्हा उघडायची असेल, तर कागद खुशाल घेऊन जा.

सन एकतीसचा उन्हाळा. सुरतेला रेल्वेच्या कारखान्यात नळाचं काम शिकून मी नंदुरबारला परतलो होतो. बिडाचे नळ जोडणारा गावात मी एकटाच, म्हणून सगळे नवल मिस्तरी म्हणत. प्रेमचंद शेठनी आपल्या आईच्या नावाने बायकांचा दवाखाना काढला होता. इमारत मूळची त्यांच्या सरकीच्या वखारीची. वर बारा खाटांचा वॉर्ड, आणि खाली तळघर. पूर्वी दवाखान्याचे कपडे नदीवर धुवायला जात. पटकीची साथ आली आणि नगरपालिकेने नदीवर मनाई केली. मग शेठनी तळघरातच धोबीखाना केला. दोन दगडी हौद, कपडे उकळायची भट्टी, जमिनीत एक मोरी. वरच्या वॉर्डातल्या न्हाणीचं पाणीही भिंतीतल्या नळाने खाली येऊन त्याच वाटेला लागायचं. ज्याने हे बांधलं त्याला भिंती कळत होत्या, पाणी कळत नव्हतं. साऱ्या कामात हवेला जायला कुठे वाटच ठेवलेली नव्हती.

डॉक्टर सबनिसांनी मला बोलावलं.

"मिस्तरी, खालची धोबीण दोनदा चक्कर येऊन पडली. वास येतो म्हणते. बघा जरा."

मी लगेच हो म्हटलं. त्याला कारण होतं. माझी बायको, मंगला, वर त्याच वॉर्डात होती. विषमज्वराचा दहावा दिवस. कामाच्या निमित्ताने दिवसातून चार वेळा तिच्याजवळ जाता येणार होतं.

मंगलाबद्दल एक सांगतो. ती कुणाच्याही हाकेला ओ देणारी बाई होती. पलीकडच्या गल्लीतून कोणी "ओ बाई" म्हटलं, तरी ही चुलीवरचा तवा उतरवून दारात. हाक दुसऱ्या कुणाला असायची, आणि ही हसत परत यायची. मी चिडवायचो तिला.

मी तळघरात उतरलो ती दुपारची वेळ होती. बाहेर ऊन असं की अंगणातल्या चादरींकडे बघवत नव्हतं. अकरा पायऱ्या उतरलो आणि अंगावर ओला गारवा आला. वर, छताजवळ, एक हातभर झरोका होता. त्यातून आलेला उजेड पहिल्या हौदापर्यंत पोचायचा आणि संपायचा. सोड्याचा वास, ओल्या चुन्याचा वास, आणि त्याच्याखाली नासलेल्या अंड्यासारखा एक वास, जो नाकापेक्षा घशात जास्त कळायचा. मी कंदील मोरीजवळ नेला. ज्योत बारीक झाली. वर उचलला, पुन्हा मोठी झाली.

धनुबाई भट्टीपाशी बसली होती. चाळिशीची असेल. अंगाने काटकी, पण ओझं उचलायला दोन गडी मागे टाकेल अशी. ती माझ्या हातातल्या कंदिलाकडे बघत होती.

"वास तं शेच, भाऊ," ती म्हणाली. "पन वासनं काय नही. ती इचारस."

"कोन इचारस?"

तिने हनुवटीने मोरी दाखवली.

मला हसू आलं. तरुण होतो, आणि नुकता शिकून आलेलो होतो. मी वर आवाज देऊन न्हाणीत दोन बादल्या ओतायला सांगितलं. भिंतीतून पाणी धडधडत खाली आलं. मोरीत गुडगुड झाली, मग कोणी तोंड भरून घोट घ्यावा तसा एक लांब आवाज, आणि मोरीतलं पाणी खाली ओढलं गेलं.

"दखं? मोरीखाले नळले एक वाक ऱ्हास," मी तिला समजावलं. "तठे वीतभर पानी साचेल पाहिजे. ते घान हवानं झाकन शे. वरथून पानी पडस, नी हे पानी खेचाई जास. मंग हवा आठेन बाहेर निंघस. तोच आवाज."

तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"हवा नाव इचारस का, भाऊ?"

मी मोरीत वाकून बघितलं.

"म्हनस... 'वर कोन शे?' रोज म्हनस. पानी नही पडनं तरी म्हनस."

मग तिने दगूबाईचं सांगितलं. धनुबाईच्या आधी तिथे दगूबाई धुवायची. धनुबाई तेव्हा वाळत घालायला होती. आदल्या दिवाळीच्या सुमारास शोषखड्डा तुंबला. दगूबाईने फरशी सरकवली आणि स्वतःच आत उतरली. खड्डा माणसाच्या डोक्याहून खोल. आत उतरल्यावर तिच्या हातापायांतलं बळ गेलं असावं. तिला चढता येईना. दुपारच्या जेवणाची वेळ होती, अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

"मी ऐकं व्हतं, भाऊ," धनुबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "तीन येळा ऐकं. 'वर कोन शे? हात दे वो...' मन्हा खांदावर वल्ल्या चादरी व्हत्यात. म्हनलं, एवढ्या टाकीसन जास. टाकीसन उनू, तव्हय..."

भट्टीतलं लाकूड फुटलं. तिने ते आत सारलं.

"ती बठेल व्हती खड्डामा. हात वर करीसन."

मी विचारलं, "तू ओ देस का तिले?"

"नही. कव्हयच नही दिधी. एक रोज तं तोंडमा पदर कोंबी लिधा."

माझा विश्वास बसला असं नाही. पण त्या दिवसापासून मी काम घाईने करायला लागलो. काम तसं सोपं. मोरीच्या वाकाच्या मागून एक हवेचा नळ काढायचा, भिंतीतून बाहेर न्यायचा आणि सरळ छपराच्या वर सोडायचा. खालची हवा मग आकाशात जाते, मोरीतलं पाणी जागेवर राहतं. त्याचा एक नियम आहे, तुम्हांलाही ठाऊक असेल. त्या नळाचं तोंड कधी खिडकीजवळ ठेवायचं नाही. सहा नळ लागणार होते. सुरतेहून पाच आले, सहावा वाटेतच कुठेतरी राहिला.

पाच नळ जोडले तर तोंड बरोबर वॉर्डाच्या खिडकीशी येत होतं. दीड हाताचंही अंतर नाही. मी थांबणार होतो. पण त्याच दिवशी धनुबाई तिसऱ्यांदा पडली. हौदाच्या कडेवर डोकं आपटलं. तिला वर आणली तेव्हा ओठ निळे पडले होते. सहावा नळ आठ दिवसांत येईल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि पाचांवरच हवा सोडली.

तळघर बदललं. कंदील मोरीशी धरला तरी ज्योत हलेना. वास गेला. दोन दिवसांनी धनुबाई पायऱ्यांवर भेटली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आते ती नही बोलत, भाऊ. गयी. तुम्हीन वाट करी दिधी तिले."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात म्हसावदची सरलाबाई गेली. बाळंत होऊन बरी झालेली बाई. दुसऱ्या दिवशी घरी जाणार, म्हणून गाडीसुद्धा येऊन उभी होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. त्यानंतर एका दिवसाने तिच्या शेजारच्या खाटेवरची म्हातारी गेली. तिला तर नुसतं पायाचं गळू होतं. दोन्ही खाटा खिडकीला लागून. तिसरी खाट मंगलाची.

मी तिच्याजवळ बसलो होतो. अंग तापलेलं, ओठांवर पापुद्रे, पण शुद्धीवर होती. ती हळूच म्हणाली,

"ती खालनी बाई कोन शे हो?"

"कोनती बाई?"

"खिडकीजोडे बोलस. वर कोन शे, म्हनस. सरलाबाईनी सांगं तिले, मी शे माय, सरला. मंग त्या आजीबाईनीबी सांगं..."

मी तिच्यावर वाकलो.

"मंगला, तू ओ दिधी का?"

"माले आवाजच निंघेना." तिने डोळे मिटले. "पन बिचारीले कोनी तरी ओ दिधी पाहिजे ना? किती वखतनी हाका मारी ऱ्हायनी..."

"नको देऊस. मन्ही आन शे तुले."

"काबर?"

मी तिच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि उठलो.

डॉक्टरांकडे गेलो. खाट हलवा म्हटलं. ते म्हणाले, जागा नाही, एकेका खाटेमागे दोन दोन बायका वाट बघताहेत. मग मी तिला घरी न्यायचं म्हटलं. त्यांनी चष्मा काढला.

"तिसरा आठवडा चालू आहे, मिस्तरी. आतडं ओल्या कागदासारखं झालेलं असतं. बैलगाडीत घातलीत तर रस्त्यातच फाटेल. तुम्हांला ती जिवंत हवी आहे ना?"

मला ती जिवंत हवी होती. मग एकच उरलं होतं. हवेच्या नळाचं तोंड बंद करायचं.

तोंड बंद केलं तर खाली काय होईल, हे माझ्याइतकं त्या गावात कुणालाच कळत नव्हतं.

दोन वाजता शिडी लावली. अंगणात चिटपाखरू नव्हतं. हातात तागाचा बोळा आणि घमेल्यात कालवलेलं सिमेंट. वर चढलो. भिंतीचा चटका तोंडावर येत होता. नळाच्या तोंडाशी आलो तेव्हा मात्र गालाला गार हवा लागली. सोड्याचा वास असलेली, ओली. मी बोळा उचलला.

आणि ऐकलं.

गुडगुड नव्हती. वाऱ्याची शीळ नव्हती. दमलेल्या बाईचा आवाज होता तो. घसा सुकलेला, पण अजून धीर न सोडलेला. अगदी साधेपणाने विचारावं तसं तिने विचारलं.

"वर... कोन शे?"

माणसाची जात अशी की विचारलं की तोंड उघडतं. माझं उघडलं. जिभेवर आलेलं माझं नाव मी दातांत धरलं. रक्ताची चव आली.

"कोन शे... हात दे वो..."

तेवढ्यात माझ्या डाव्या हाताला, खिडकीच्या गजांआडून, मंगलाचा आवाज आला. कित्येक दिवसांत तिचा इतका स्वच्छ आवाज मी ऐकला नव्हता.

"मी शे ना, माय. मंगला. थांब, हात देस."

खाली, नळाच्या पोटात, सगळं शांत झालं.

मी बोळा कोंबला. मुठीने ठोकून आत सारला. वर सिमेंट थापलं, हाताने सारखं केलं, पुन्हा थापलं. बोटांची सालं निघाली ते नंतर कळलं. शिडीवरून उतरलो की पडलो, आठवत नाही. धावत वॉर्डात गेलो. मंगला कुशीवर झोपली होती. कपाळाला हात लावला, घामाने भिजलं होतं. ताप उतरत होता.

मी वेड्यासारखे देवाला हात जोडले. वेळेवर बंद केलं, असं वाटलं मला.

बाहेर आलो तर तळघराच्या पायऱ्यांवर धनुबाई. डोक्यावर चादरींचा गठ्ठा. मला बघून हसली.

"सहावा नळ उना का, भाऊ?"

इथे मी तिला एवढंच म्हणायला हवं होतं की, आज खाली जाऊ नको. चार शब्द होते ते. पण ते बोललो तर ती कारण विचारणार, डॉक्टरांना सांगणार, डॉक्टर नळ उघडायला लावणार. आणि मंगला तिथे झोपलेली. एक दिवस, मी मनात म्हटलं. एका दिवसाने काय होतंय. तिला सवय आहे.

"येई," मी म्हणालो. "उद्या येई."

ती खाली उतरली. खालच्या पायऱ्यांवर तिचं डोकं दिसेनासं झालं, मग गठ्ठा. मी बघत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबसिंग रखवालदाराने मला घरून बोलावून नेलं. धनुबाई रात्री घरी पोचली नव्हती. तळघरात ती मोरीशी बसलेली सापडली. मान छातीवर, डोळे मिटलेले. उजवा हात मोरीत, थेट कोपरापर्यंत. जाळी काढून बाजूला नीट उभी करून ठेवली होती. तो हात बाहेर काढायला तीन माणसं लागली. मी त्यातला एक होतो. खालून कोणी ओढत नव्हतं. पण सुटतही नव्हता.

डॉक्टरांनी लिहिलं, दूषित हवेने गुदमरून मृत्यू. ते खरंच होतं. हवा का तुंबली, ते त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, सहावा नळ आला नाही. प्रेमचंद शेठ तळघराच्या दाराशी बराच वेळ डोकं धरून बसले होते. त्याच दिवशी त्यांनी दाराला कुलूप घातलं, न्हाणीचं पाणी दुसरीकडून काढायला सांगितलं. ते कामही मीच केलं. धनुबाईची थोरली मुलगी मला विचारायला आली होती, आई शेवटी काही बोलली का. मी नाही म्हणालो.

मंगलाचा ताप एकविसाव्या दिवशी पूर्ण गेला. पुढे दहा दिवस ठेवून डॉक्टरांनी सोडलं. गाडीत कडब्याचा जाड थर घालून, बैल सावकाश चालवत, मी तिला रनाळ्याला तिच्या आईकडे नेली. मुद्दाम. तिथे वॉर्ड नव्हता, भिंतीत नळ नव्हता. उघडं अंगण, आणि आंघोळीचं पाणी पपईच्या बुंध्याशी जाणारं. चहूकडे मोकळं रान. मी मनाशी म्हणालो, इथे कुणाला कुठून हाक मारता येणार?

ती भाकरी खायला लागली. गालावर रंग आला. मी पुन्हा चिडवायला लागलो तिला. बारा दिवस असे गेले. तुम्ही म्हणाल, विषमज्वरात माणूस बरळतं, आणि उंच शिडीवर उन्हात उभ्या माणसाला काहीही ऐकू येतं. त्या बारा दिवसांत मीही हेच म्हणत होतो.

तेराव्या दिवशी दुपारी ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी समोर गाडीच्या चाकाला वंगण घालत होतो. मध्ये दहा पावलांचं अंतर. तिने सूप खाली ठेवलं. मान किंचित वाकडी केली, लांबचं काही ऐकल्यासारखी. मग पदर सारखा केला.

"ई ऱ्हायनू, माय," ती म्हणाली, कुणाला 'आलेच' म्हणावं तशी.

मी तिच्या नावाने ओरडलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती एका हाकेला वळली नाही, आणि ती हाक माझी होती. मी पोचलो तेव्हा ती ओसरीच्या खांबाला टेकून होती. डोळे उघडे. गेलेली.

गल्लीतल्या बाया जमल्या. अंगणात पाणी तापवलं, तिला आत नेलं, दार लोटलं. मी बाहेर बसलो होतो. थोड्याच वेळात तिची आई दार उघडून बाहेर आली. हातातला तांब्या तसाच भरलेला.

"जावई," ती म्हणाली, "इले कोनी धुयेल शे?"

मी आत गेलो. जमीन कोरडी होती, लुगडंही कोरडं. फक्त दोन्ही हात, कोपरापासून खाली, ओले. तळहात पांढरेफटक आणि सुरकुतलेले, दिवसभर हौदात कपडे घोळल्यासारखे. नखं मऊ पडलेली. तिच्या आईने पदराने ते हात पुसले. आमच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा ओले झाले. पुन्हा पुसले. पुन्हा ओले झाले.

चितेवर ठेवेपर्यंत तिच्या बोटांतून पाणी ठिबकत होतं. तिरडीखाली माझ्या खांद्यावर पडत होतं. त्याला सोड्याचा वास होता, आणि ते कढत होतं.